अप्पांची लाल, नामदेवची निळी

वीरभद्र अप्पांनी पुतणीची जवळजवळ ठरलेली सोयरीक मोडली, ती मुलाच्या गोठ्यात निळी मशीन दिसली म्हणून.

मी त्या बैठकीला होतो. उदगीरकडचं घर, मुलगा नोकरीला, माणसं गरीब स्वभावाची. चहा झाला, मुलीच्या बापाने समाधानाने मान हलवली, कुणीतरी याद्यांचं बोलायला लागलं. अप्पा तेवढ्यात पाय मोकळे करायला मागच्या अंगाला गेले आणि तोंड कडू करून परत आले. "उठा," म्हणाले. कुणाला काही कळेना. जीप गावाबाहेर आल्यावर त्यांनी खुलासा केला, "ज्या घराला झाड कापायची मशीन निवडता येत न्हाई, ते घर सून काय निवडनार?" पुतणीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. तिच्या सासरी मशीनच नाही, कुऱ्हाड आहे. अप्पांना कुऱ्हाड चालते, कारण कुऱ्हाडीला कंपनी नसते.

मशीन म्हणजे चेनसॉ. पेट्रोलवर चालणारी, दातांची साखळी गरगर फिरवून दहा मिनिटांत बाभूळ आडवी करणारी. माझं चाकूरला मोटारपंप, फवारे आणि या मशिनींचं दुकान आहे. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या मशिनी चालतात, एक लाल आणि एक निळी. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. मला दोन्ही विकायच्या आहेत, आणि दोन्हींत रंग सोडला तर मला आजवर काही फरक सापडलेला नाही. हे वाक्य मी इथे लिहितोय. दुकानात बोललो असतो तर अप्पांनी माझ्याशी राम राम बंद केला असता.

अप्पा रोज सकाळी दहाला, पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकानात यायचे आणि काउंटरच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसायचे. घ्यायचं काही नसायचं. गिऱ्हाईक आलं की त्याला मी काय दाखवतोय ते बघायचे. मी निळीला हात लावला की खाकरायचे.

"पाव्हनं, कुठलं गाव?"

"जळकोट."

"मंग ही कशाला घेऊन राहिलाव? जळकोटात लाकडं न्हाईत का?"

पाहुणा गडबडायचा. मग अप्पांचं प्रवचन. "हे बघा, बायको एक डाव माफ करंल, मशीन करत न्हाई. आवाज ऐका. फकस्त आवाज ऐका. लाल बोलती, निळी रडती. आन् एकदा घेतली की ईमान लागतं, ईमान!" आयुष्यात त्यांनी ईमान हा शब्द जितक्यांदा लाल मशिनीसाठी वापरला, तितका देवासाठीही वापरला नसेल. दसऱ्याला ते मशिनीलाही विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. सोमवारी ती बाहेर काढायची नाही, असा त्यांचा कडक नेम होता. शंकराचा वार, मशिनीलाही उपास.

यावर कोणी म्हणेल, असं एक माणूस दुकानात असेल तर धंदा बसायचा. बसला नाही, कारण डाव्या हाताच्या खुर्चीत नामदेव बसायचा.

नामदेव अप्पांचा शाळेपासूनचा सोबती आणि निळीचा भक्त. सडपातळ, बोलायला तिखट. अप्पा बोलायचे थांबले की तो पाहुण्याकडे वळायचा. "ऐकलं ना ह्यांचं? आता ह्यांच्या मशिनीची साखळी दिवसातून किती डाव उतरती, ते पन विचारा की."

"उतरती? कव्हा उतरली? तारीख सांग!"

"परवा कडुलिंब पाडताना."

"ते लाकूड वल्लं होतं!"

"हाव हाव, लाकूडच वल्लं असतंय तुमचं दरसाल."

असं दीड-दोन तास चालायचं. वीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या मशिनीला बोट लावलं नव्हतं. "तुझ्या निळीला हात लावला तर विभूती लावायची सोडीन," असं अप्पांनी भर दुकानात सांगितलेलं होतं. गिऱ्हाईक शेवटी कंटाळून जी हाताशी असेल ती घेऊन जायचं. माझी तक्रार नव्हती.

एकदा आठवडी बाजारादिवशी याचा निकाल लावायचं ठरलं. माझ्या दुकानापुढे चिंचेचा एक अजस्र ओंडका आणून टाकला. अप्पा एका टोकाला, नामदेव दुसऱ्या टोकाला. अर्धा बाजार भाजी सोडून बघायला आला. मी रुमाल खाली केला. पाचव्या मिनिटाला अप्पांची साखळी उतरली. सहाव्या मिनिटाला नामदेवचं पेट्रोल संपलं. मग साखळी उतरणं मोठी नामुष्की की पेट्रोल संपणं, यावर दोघे हातवारे करून भांडायला लागले, बाजार दोन बाजूंनी वाटला गेला, आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्याने कुऱ्हाडीने उरलेला ओंडका फोडून सरपण म्हणून घरी नेला. निकाल आजतागायत लागलेला नाही.

अप्पांच्या पारखीबद्दलही सांगून टाकतो, इथे सांगायला हरकत नाही. या मशिनीत पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. माझ्याकडचं ऑईल निळ्या डब्यात येतं. अप्पा म्हणाले, "ते विष मी माझ्या मशिनीला पाजनार न्हाई." मी बरं म्हणालो. आतल्या खोलीत जाऊन तेच ऑईल एका लाल डब्यात ओतलं. अप्पांनी दोन बोटांत घेऊन चोळलं, वास घेतला, डोळे मिटले. "ह्याला म्हनतात ऑईल." गेली नऊ वर्षं ते माझ्याकडून तोच लाल डबा भरून नेत आहेत.

मात्र एका कामाला हे दोघे भांडत का होईना, बरोबर जायचे. आमच्या भागात कुणी वारलं की पाहुण्यांना फोन जायच्या आधी या दोघांना जायचा. सरणाची लाकडं कापायला. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. खरं तर अप्पांचा यात संबंध नव्हता. ते लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, विभूती-बेल वाहून मातीत ठेवतात. अप्पांना स्वतःला उद्या एक काटकी लागणार नाही. तरी पावसात, उन्हात, लाल मशीन खांद्यावर टाकून हा माणूस दुसऱ्यांची लाकडं कापायला सगळ्यांच्या आधी हजर.

नामदेव यावरून चिडवायचा. "अप्पा, तुमचं बरं हाय. माझं काय? मी मेल्यावर माझी लाकडं कोन कापंल?"

"मी कापीन की. लाल मशीन हाय ना."

"अजाबात न्हाई! माझ्या सरनाला ती लाल लावली तर उठून बसंन. सांगून ठेवतो. माझी लाकडं माझ्या निळीनं कापायची."

"मंग पड तसाच. मी निळीला हात लावत नसतो."

दुकानात सगळे हसले. मी तर सगळ्यात मोठ्याने.

पुढच्या वर्षी नामदेवला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. लातूरच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून घरी आणलं. डावी खुर्ची रिकामी पडली. मला वाटलं, आता तरी अप्पा नरमतील. कसचं काय! पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता कशी वढतो निळीची रस्सी, बघू." मला इतका राग आला की मी त्यांना चहा सांगितला नाही.

महिन्याभराने न राहवून म्हणालो, "अप्पा, एकदा भेटून तरी या त्यांना."

"निळी मशीन असलेल्या घरात मी पाय ठेवत न्हाई. सोयरीक मोडली, ते काय उगं?"

मी मनात म्हणालो, माणूस आहे का कोण आहे! शाळेपासूनचा दोस्त खाटेवर पडलाय आणि हा रंग बघून राहिलाय. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो. ते यायचे, उजव्या खुर्चीत बसायचे, लालचे गोडवे गायचे. समोरून उत्तर येत नव्हतं, त्यामुळे प्रवचन पाच मिनिटांतच आटपायचं. सोमवारी मात्र ते दुकानात यायचेच नाहीत. मी म्हणायचो, बरं झालं, शंकराने एक दिवस तरी सुटका केली.

आठ महिन्यांनी, एका सकाळी, नामदेव गेला.

मी दुकान उघडत होतो, शटर तसंच खाली ओढलं. अप्पांचा हट्ट मला ठाऊक होता आणि नामदेवचं बोलणंही. भांडण नको म्हणून मी दुकानातली एक नवी हिरवी मशीन, जिचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, गाडीवर बांधून घेतली. नामदेवच्या अंगणाच्या कडेला बाभळीची वाळलेली खोडं रचून ठेवली होती. माणसं जमली होती. आणि अप्पा आले ते रिकाम्या हाताने. लाल मशिनीशिवाय मी त्यांना अशा कामाला कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या गाडीवरची मशीन बघून ते एवढंच म्हणाले, "ती परत ने."

सरळ घरात गेले आणि नामदेवची निळी घेऊन बाहेर आले. मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "अप्पा, आठ महिने बंद आहे ती. पेट्रोल आत चिकट झालं असेल, कार्बोरेटर तुंबला असेल. चालू व्हायची नाही." हे माझं रोजचं काम आहे. दोन महिने पडून राहिलेली मशीन घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी अख्खा दिवस ती खोलत बसतो.

अप्पांनी ऐकलं नाही. मशीन जमिनीवर ठेवली, पायाने दाबली, चोक अर्धा ओढला, परत थोडा मागे घेतला. नामदेवच्या या जुन्या मशिनीला चोक असाच थोडा मागे घ्यावा लागायचा, हे ती चालवणाऱ्यालाच ठाऊक, किंवा ती दुरुस्त करणाऱ्या मला. रस्सी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा. मशीन चालू.

आठ महिने बंद असलेली मशीन दुसऱ्या ओढीला चालू होत नाही. मी साखळीकडे पाहिलं. दात कानशीने ताजे घासलेले.

शेजारी नामदेवची बायको, सुमनकाकू, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दर सोमवारी येत होते की अप्पा. तुला म्हाईत न्हाई? सकाळीच यायचे, ह्यांची खाट अंगनात घ्यायचे. मशीन चालू करायचे आन् अर्धा तास तिला शिव्या द्यायचे. हे हसायचे. आठवड्यातून तेवढंच हसायचे. मला शपथ घातली होती, दिगंबरला सांगू नका म्हनून."

दिगंबर म्हणजे मी. आठ महिने त्या माणसाला मनात नावं ठेवणारा. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

अप्पा कापत होते. भुसा उडून विभूतीवर, भुवयांवर बसत होता. मध्येच त्यांनी मशीन थांबवली, अंगणात निजवलेल्या नामदेवकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ऐकला का आवाज तुझ्या भंगाराचा? रडूनच राहिली बघ!" मशीन तर बंद होती. रडत होते ते अप्पा.

दहाव्यापर्यंत ते दुकानात आले नाहीत. मग आले. कपाळावर विभूतीचे पट्टे होते; म्हणजे निळीला हात लावला तर विभूती सोडीन, हा पण त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवला होता. मी विषय काढला नाही. ते उजव्या खुर्चीत बसले. अहमदपूरकडचा एक शेतकरी आला, सागाच्या फांद्या उतरवायला मशीन बघायला.

"कुठली घ्यावी हो?" त्याने विचारलं.

"लाल घ्या," अप्पा म्हणाले आणि सवयीने डावीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. ते थांबले. आवाज ऐका म्हणाले नाहीत, ईमान म्हणाले नाहीत. धोतराचा सोगा उगाच नीट करत बसले. इतका एकटा माणूस मी माझ्या दुकानात कधी बसलेला पाहिला नव्हता.

मी काउंटरमागून बाहेर आलो, डाव्या खुर्चीत बसलो आणि पाहुण्याकडे वळून म्हणालो, "ह्यांचं ऐकू नका. निळी घ्या. लालची साखळी उतरती."

अप्पांनी मान वर केली. मग ताठ झाले, खाकरले आणि खुर्ची पुढे ओढली.

"कव्हा उतरली? तारीख सांग!"

दीड तास त्यांनी माझी सालटी काढली. पाहुणा कंटाळून तसाच निघून गेला, काही न घेता. मी त्याला थांबवलं नाही. अप्पा अजून बोलत होते.