फुगली ती कोण?

लॅपटॉप शंभर टक्के चार्जिंग दाखवत होता, आणि चार्जरची पिन काढून राजेंद्र साळवे तो घेऊन गॅलरीत पोचेपर्यंत बंदही पडला. पुन्हा पिन लावली, पुन्हा शंभर. पुन्हा काढली, पुन्हा अंधार. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के, असा राजेंद्रचा शाळेपासूनचा समज होता. स्वतःला ते कधीच मिळाले नसल्यामुळे त्या आकड्यावर त्याची फारच श्रद्धा होती.

एका विमा कंपनीचं काम तो सिडकोतल्या घरी बसूनच करायचा, आणि लॅपटॉप अष्टौप्रहर चार्जरला चिकटलेला असायचा. बायको सुलेखा पंधरवड्यापूर्वी माहेरी, पैठणला गेली होती. घरात आपल्याशी कुणी बोलत नाही, हे त्याच्या अजून लक्षात यायचं होतं. लॅपटॉपचं तोंड नीट मिटत नाही, हे मात्र लक्षात आलं. त्याने तो उलटा करून खालचे स्क्रू काढले, तर आतून बॅटरी पुरीसारखी टम्म फुगून वर आली.

त्याने लगेच शहागंजमधल्या इलियासभाईला फोन लावला. त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. गॅलरीत रेंज जरा बरी मिळायची, आणि शेजारच्या गॅलरीत मालनबाई मेथी निवडत होत्या. हे लग्न मालनबाईंनीच जमवलं होतं. त्यामुळे या संसारावर लक्ष ठेवणं ही आपली जबाबदारी आहे, असं त्या मानत. पलीकडे कोण काय बोलतंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. अलीकडचं एवढं ऐकू आलं:

"इलियासभाई, ती लई फुगलीये हो... नाय नाय, एकदम नाय. हळूहळू फुगत असणार, माझंच लक्ष नव्हतं... चार वर्षं झाली. आधी दिवसभर साथ द्यायची, आता पाच मिनिटांत मान टाकती. तापती पण लई... दाबून बघू का? नको? भडका उडंल म्हणता? ... म्हणजे घरात घ्यायचीच नाय? बरं... नाय, आता बदलूनच टाकू. ओरिजिनल मिळाली तर बघा, नायतर साधी पण चालंल. फक्त टिकाऊ पाहिजे... आणि जुनीचं काय, भंगारात?"

मालनबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. पुढच्या मिनिटाला त्यांचा फोन पैठणला सुलेखाच्या आईला, म्हणजे गोजरबाईंना लागलेला होता.

इकडे राजेंद्रने इलियासभाईच्या सांगण्यावरून बॅटरी गॅलरीतल्या वाळूच्या कुंडीत ठेवली आणि लॅपटॉप घेऊन शहागंज गाठलं. इलियासभाईला समजावून सांगायला फार आवडायचं. गिऱ्हाईकाला समजलं की नाही, याची मात्र तो चौकशी करत नसे.

"राजूभाई, रांजण समझो. चार साल में घिस घिस के वाटी हो गया. अब वाटी भरी तो भी मशीन हंड्रेडच बोलेंगा ना?"

"मग मला वाटी का दाखवत नाय ते?"

"शरम आती उसको," इलियासभाई म्हणाला. "अब सुनो. कंपनी की मंगवाऊं तो देर लगती. लोकल वाली अब्बी देता, मगर चार दिन में रूठेंगी. बीच की एक है, गोदाम से शाम तक आ जाती. चार्जर पे हमेशा चिपका के नक्को रखना. इतनाच."

मधली ठरवून, लॅपटॉप तिथेच ठेवून आणि बाजारातली चार कामं उरकून राजेंद्र दुपारी उशिरा घरी आला. दार उघडंच होतं. आत गोजरबाई, सुलेखा आणि कडूबामामा उभे होते. कडूबामामा म्हणजे सुलेखाचे सख्खे मामा. पैठणला त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं आणि भांडण मिटवायला त्यांना सगळीकडे बोलावत, कारण ते आले की भांडणारे दोघेही गप्प बसत. कोपऱ्यात मालनबाई होत्या.

"जयभीम मामा! आई, तुम्ही पण? अगं सुलेखा, लवकर आलीस की!"

मामांनी जयभीम घेतला, पण खुर्ची घेतली नाही.

"जावई, कानावर आलं ते खरं हाय का? बदलायचं चाललंय म्हणं तुमचं?"

राजेंद्रला भरून आलं. आपल्या एवढ्याशा अडचणीसाठी सासुरवाडी एसटीने धावून येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"व्हय मामा. दुसरा इलाजच नाय राहिला."

"अवो, चारच वर्षं झाली की!" गोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"आई, चार वर्षं लई झाली. आमच्या साहेबांनी तर दोनदा बदलली. तिसरी हाय आता."

"तिसरी?"

"सगळं ऑफिस तिचंच कौतुक करतं."

गोजरबाई मटकन खाली बसल्या. सुलेखा मात्र ताठ उभी होती. "आणि चूक कुणाची होती, तेवढं सांगा सगळ्यांसमोर."

"चूक माझीच," राजेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला. "चोवीस तास चिकटवून ठेवली. जरा मोकळी सोडली असती तर एवढी फुगली नसती."

सुलेखा रागातही गोंधळली. चिकटवून ठेवणं दूरच राहिलं, ती जाण्याआधीचे कित्येक दिवस या माणसाने मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "इलियासभाईच असंल!" मालनबाई ओरडल्या. "मी म्हणलं नव्हतं?" मामांनी बोट दाखवून फोन स्पीकरवर टाकायला लावला.

"राजूभाई, नई वाली आ गई!" इलियासभाईचा आवाज खोलीभर घुमला. "पुरानी से दुबली है, मगर दमदार! आ के देख लो. पसंद नहीं आई तो वापस. छे महिने की गॅरंटी!"

गोजरबाईंनी हंबरडा फोडला. मामांनी शांतपणे बाह्या वर सारल्या. "ह्याचं दुकान कुठंशी हाय?"

"शहागंजला, घड्याळाच्या मनोऱ्याजवळच," राजेंद्र म्हणाला. "तुम्ही जाताय का मामा? मग लई बरं. नवी बसवून लॅपटॉप पण घेऊनच या."

"काय घेऊन या?"

"लॅपटॉप. बॅटरी त्याच्यातच बसवायची ना."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काहीतरी घोटाळा झालाय, हे आता राजेंद्रलाही कळलं. तो धावत गॅलरीत गेला आणि कुंडी उचलून घेऊन आला. "ही बघा! ही फुगली होती, ही!"

मामांनी वाकून बॅटरी सगळ्या बाजूंनी पाहिली. "पाणी टाकत नव्हता का हिच्यात?" त्यांनी सवयीने विचारलं. मग हसू फुटलं. गोजरबाई डोळे पुसत हसल्या, मालनबाई मेथी राहिली म्हणत सटकल्या, आणि राजेंद्रला निर्दोष सुटल्याचा केवढा तरी आनंद झाला. हसली नाही ती फक्त सुलेखा.

"म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल बोलतच नव्हता?"

"अजिबात नाय! तुझा विषयच नव्हता."

"एकदापण नाय?"

"पंधरा दिवसांत एकदापण नाय! शपथ घेतो," राजेंद्र छाती पुढे काढून म्हणाला.

मामांचं हसणं थांबलं.

"मी पैठणला कशाला गेले होते, माहितीय?" सुलेखाने विचारलं.

"माहेरपणाला."

"फुगून गेले होते मी! जाताना दारात उभं राहून म्हणाले, आता मी परत येणार नाय. तुम्ही काय म्हणालात?"

राजेंद्रने खूप आठवून पाहिलं. त्या दिवशी स्क्रीनवर कुठला तक्ता उघडा होता, ते स्पष्ट आठवत होतं. "काय म्हणालो?"

"बरं म्हणालात. वर म्हणालात, चार्जर तेवढा इथंच ठेव."

मामा आता खुर्चीवर बसले.

"जावई," ते म्हणाले, "त्यापरीस दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्यावर काय बोलायचं, ते गाडीत ठरवून आलतो मी. ह्याच्यावर काय बोलावं माणसानं?"

गोजरबाईंनी उसासा टाकून पिशवी उचलली. "चल सुलेखा. साडेपाचची गाडी सापडंल."

राजेंद्रचा चेहरा उतरला. हिच्याशिवाय घर रिकामं होतं, हे त्याला पंधरा दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. ते सांगायला त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच सुलेखाने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मी नाय येत. तिकडं जाऊन फुगण्यात काय मतलब हाय? ह्यांना पत्ताच लागत नाय. आता इथंच राहणार आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर बसून फुगणार."

राजेंद्रला इतका आनंद झाला, की मनातलं सगळं सांगायचं विसरून तो चटकन म्हणाला, "बरं."