चपला काय सूचित करतात

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे घाणेकर सर लिफ्टने जात नाहीत. जिन्याने चढतात आणि प्रत्येक दाराशी थांबून बाहेरच्या चपला वाचतात. वाचतात हा त्यांचाच शब्द. एका नवीन भाडेकरूने त्यांना चप्पलचोर समजून सोसायटीत तक्रार केली. सर म्हणाले, तक्रार रास्त आहे, मी दुसरं काय सूचित करत होतो?

सर मराठीचे निवृत्त मास्तर, मूळचे गुहागरकडचे. 'सूचित करणे' हे त्यांचं लाडकं क्रियापद. त्याच्या मुळाशी संस्कृतातली सूचि, म्हणजे सुई आहे, हे त्यांनी वॉचमनलाही हिंदीतून समजावलंय. सुई टोचते, पण कशासाठी ते सांगत नाही. लिफ्ट बंद पडली तर ते सांगणं झालं, दुरुस्त करता येतं. लिफ्ट नुसती करकरली तर ते सूचित करणं, त्यात फक्त घाबरता येतं. असं म्हणून सर घाबरतात. त्यांच्या संगतीत मीही घाबरट झालोय. भिंतीला ओल आली, कुत्रं रडलं, बोलता बोलता फोन कट झाला, की मी लगेच घरी फोन लावतो.

मध्यंतरी मीरा रोडला माझ्या चष्म्याच्या दुकानात सरांचा फोन आला. "तुझ्या आईंच्या चपला दाराबाहेर आहेत. बेल वाजवतोय, उघडत नाहीत."

या वेळी 'सूचित' हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि त्यानेच माझं धाबं दणाणलं. शेअर रिक्षाची वाट न बघता मी अख्खी रिक्षा केली. वाटेत नको नको ते सगळं डोळ्यांपुढून गेलं.

आई वरच्या मजल्यावर गुजराती शेजारणीकडे अनवाणी जाऊन खाखरे लाटत बसली होती. ती सरांवर चांगलीच उखडली. सर आमच्या दाराजवळच्या पायरीवर आईच्या चपलांकडे बघत बसले होते.

"सुमनच्या पण चपला बाहेरच होत्या," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. ती गेली तेव्हा आम्ही इथे राहायला आलो नव्हतो. "शाळेतून आलो, चपला बघितल्या. म्हटलं घरात आहे, झोपली असेल. झोप मोडू नये म्हणून बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलो रे. अंधार पडेपर्यंत."

आईचा राग तिथेच संपला. आता ती वाण्याकडे जातानाही त्यांना सांगून जाते.

काल सकाळी सरांच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या आणि बेल वाजवूनही दार उघडेना. एका हाताने बेल दाबून धरली, दुसऱ्याने दार बडवत राहिलो. शेवटी दार उघडलं. तोंडाला साबणाचा फेस, कमरेला पंचा.

"काय झालं?"

"काही नाही. चपला बाहेर दिसल्या."

त्यांनी खाली चपलांकडे पाहिलं. "घाबरलास?"

"हो सर. फार."

पंच्याच्या टोकाने त्यांनी डोळ्यांपाशी आलेला फेस पुसला.

"बरं वाटलं," ते म्हणाले.