पुलावरची कवळी

"घट्ट नका धरू डबा," ती स्टेअरिंग वळवत म्हणाली. "आणि सैलही नका धरू."

"मग कसा धरू?" नवऱ्यानं विचारलं.

"माणसासारखा धरा."

डब्यात कवळी होती. वरची आणि खालची, अठ्ठावीस दात, सकाळीच पॉलिश करून ओल्या कापसात ठेवलेली. एकोणीस वर्षं तिनं शहरातल्या एका लॅबच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे दात घडवले होते. मग नवऱ्याची पाणीपुरवठ्यात बदली झाली आणि ती आपली पॉलिशची मोटर, ब्रश, मेणाच्या वड्या गुंडाळून या गावात आली. दोन महिने झाले; त्यातले पहिले पाच आठवडे मोटर एकदाही फिरली नव्हती. गावातले एकुलते एक दातांचे डॉक्टर सगळी कामं कुरियरनं शहरात पाठवत. तिनं तीन हेलपाटे घातले तेव्हा कुठे त्यांनी एक काम दिलं, तेही परीक्षा घ्यावी तसं.

"निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सहा महिने तोंडात दात नाही, चारचौघांत एक अक्षर बोललेले नाहीत. शनिवारी बारा वाजता शाळेच्या नव्या ग्रंथालयात त्यांचं भाषण आहे. दहाला कवळी माझ्या टेबलावर हवी. आली, तर पुढची सगळी कामं तुमची. नाही आली, तर माझं कुरियर आहेच."

आज शनिवार होता. सकाळी सव्वा तास वीज नव्हती. त्यामुळे पावणेदहाला ती घरातून निघाली आणि दहाला पाच कमी असताना पुलाशी पोचली.

गाडी चालवणं हा तिच्या दृष्टीनं बोलण्याचाच एक प्रकार होता. शहरात ती वळताना हॉर्न वाजवायची, थांबताना वाजवायची, आणि रस्ता अगदीच मोकळा दिसला तर चुकल्यासारखं वाटून वाजवायची. स्कूटर मावेल एवढी फट म्हणजे तिची हक्काची जागा. इथे आल्यापासून मात्र तिची पार दमछाक झाली होती. इथे लोक थांबायचे. कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबून हातानं 'या, या' करायचे आणि मग त्यांना हात वर करून आभार मानावे लागायचे. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायचा तर सात वेळा हात वर. तिचं मनगट दुखायला लागलं होतं.

नवऱ्याला गाडी येत नव्हती. तो सायकलनं ऑफिसला जायचा. पण गावाचे रस्त्यावरचे नियम त्याला तोंडपाठ होते, आणि दोन महिन्यांत तो गावकऱ्यांपेक्षा जास्त गावकरी झाला होता.

"इथे हॉर्न वाजवत नाहीत," तो रोज सांगायचा.

"मग समोरच्याला कळतं कसं?"

"तो बघतो."

यावर तिचा अजून विश्वास बसलेला नव्हता.

पूल एका गाडीच्या रुंदीचा होता. पलीकडच्या टोकाला एक करडी गाडी येऊन उभी राहिली. तिनं झटकन हेडलाइटचा डिपर मारला, 'मी आलेय, थांबा,' आणि गाडी पुलावर घातली. करडी गाडीही निघाली. दोन्ही गाड्या मधोमध आल्या आणि नाकाला नाक लावून थांबल्या. मध्ये जेमतेम वीतभर जागा उरली.

"निगरगट्ट कुठला! डिपर दिला तरी आला बघा," ती म्हणाली.

"अगं, डिपर दिलास म्हणूनच आले ते. इथे डिपर म्हणजे 'या तुम्ही, मी थांबतो.'"

"हे आत्ता सांगताय?"

"मागच्या रविवारी सांगितलं होतं. तू भिंतीत खिळा ठोकत होतीस."

करड्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते. कडक इस्त्रीचं जाकीट, आणि तोंडावर घट्ट धरलेला रुमाल. तिनं खिडकीतून डोकं काढलं.

"काका, जरा मागे घेता का?"

त्यांनी मान हलवली. रुमाल हलला नाही. मग मोकळ्या हातानं त्यांनी 'तुम्हीच घ्या' अशी खूण केली.

"बोलतसुद्धा नाहीत बघा. वर नाकाला रुमाल! एवढी का आपली घाण येतेय?"

"घे की मग तूच मागे," नवरा म्हणाला.

"मला येत नाही."

"एकोणीस वर्षं गाडी चालवतेस!"

"पुढे चालवते. तिथे मागे जायला जागा कुठे होती? मागे कायम कुणीतरी चिकटलेलं असायचं."

"आणि घराच्या पार्किंगमधून?"

"वॉचमन काढून द्यायचा. भला माणूस होता, रोज मदत करायचा."

"मदत नव्हता करत. बाकीच्यांच्या गाड्या वाचवत होता."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून एकोणीस वर्षं जे करत आली तेच तिनं केलं. तीनदा हॉर्न वाजवला.

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. कारण या गावात हॉर्न फक्त कुणावर काही बेतलं तरच वाजायचा. मागून येणारा दूधवाला टेम्पो बंद करून धावत आला. नदीकाठच्या घरातल्या आजी पाण्याची कळशी घेऊन आल्या. कुणी दोर आणला, कुणी पट्ट्या आणि आयोडिन.

"कुणाला लागलंय, ताई?" दूधवाल्यानं धापा टाकत विचारलं.

"कुणालाच नाही."

त्यानं डोळे मिटलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "मग दादा, तुम्हाला घाबरल्यासारखं होतंय का?"

"मला दोन महिने होतंय," नवरा म्हणाला.

मदतीला आलेल्या प्रत्येकानं आपलं वाहन पुढच्याला अगदी चिकटवून उभं केलं होतं आणि किल्ली खिशात टाकली होती. तिच्या मागे सात, पलीकडे सहा. आता मागे घेता येत असतं तरी घेता आलं नसतं. आणि तरी कुणी ओरडत नव्हतं, हे तिला जास्त लागलं. शहरात एव्हाना तिघांनी तिचा उद्धार केला असता आणि चौथ्यानं रस्त्यात उभं राहून पाच मिनिटांत सगळं सोडवलं असतं. इथे दूधवाला रिक्षावाल्याला म्हणत होता, "आधी तुम्ही घ्या मागे," आणि रिक्षावाला छातीवर हात ठेवून म्हणत होता, "छे छे, तुम्ही आधी आलात, मान तुमचा."

फोन वाजला. डॉक्टर होते.

"कुठे आहात? साडेदहा झाले. पेशंट नऊपासून इथे बसले होते, मघाशी उठून कुठेतरी गेले. कुठे ते विचारलं तर नुसते हातवारे! अकरापर्यंत वाट बघतो. नाहीतर सोमवारपासून कुरियर."

तिनं फोन ठेवला आणि क्षणभर कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. घरची मोटर तिच्या डोळ्यांपुढे आली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तिनं जुन्या उशीचा अभ्रा घातला होता. तो आता पुन्हा घालावा लागणार होता. मग तिनं नवऱ्याच्या हातातला डबा घेतला. पलीकडच्या रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाचे पाय धरायचे, त्याला गाडी वळवायला लावायची आणि टेकडीवरच्या दवाखान्यापर्यंत जायचं. दुसरा रस्ता नव्हता.

कठड्याला अंग घासत ती करड्या गाडीजवळून जाऊ लागली, आणि नेमका त्याच वेळी त्या गृहस्थांनी घाम पुसायला रुमाल खाली घेतला.

ती थबकली. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. पण हा जबडा? तीन आठवडे हा जबडा प्लास्टरच्या रूपात तिच्या टेबलावर होता. रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून तिनं त्याला विचारलं होतं, 'काय, आज तरी नीट बसणार का?'

ती खिडकीत वाकली. "जरा आ करा."

गृहस्थांनी दचकून रुमाल पुन्हा तोंडावर दाबला.

"अगं, काय करतेस!" मागून नवरा ओरडला. "ओळख ना पाळख!"

"ओळख आहे. यांचा खालचा जबडा डावीकडे सरकलाय. वरच्या हिरडीला उजव्या बाजूला टेंगूळ आहे."

"चारचौघांत काय बोलतेस!"

पण गृहस्थांचे डोळे विस्फारले होते. त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपण कवळीवाल्या बाई? मी आपल्याकडेच निघालो होतो.' पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जागच्या जागी होती.

डबा मागोमाग आलेल्या नवऱ्याकडे देऊन तिनं आजींच्या कळशीतल्या पाण्यानं कवळी धुतली. मुख्याध्यापकांनी पुलावर उतरून नदीकडे तोंड केलं. बाकीच्यांनीही, कुणी न सांगता, दुसरीकडे माना वळवल्या. टक् असा बारीक आवाज आला.

"साठपासून मोजा, सर. 'स' नीट फुटतो का बघू. डॉक्टर दुपारी तपासतीलच."

"साठ," मुख्याध्यापक म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "एकसष्ट. बासष्ट."

त्रेसष्ट स्वच्छ आलं. चौसष्टला दूधवाल्यानं नकळत हाताची घडी घातली आणि सूर लावला. सहासष्टपर्यंत अख्खा पूल एका सुरात मोजत होता. अर्धं गाव त्यांच्याच हाताखाली आकडे शिकलेलं. सत्तरला सगळे थांबले, आणि बाटलीतून आयोडिन सांडल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"आता ऐका," मुख्याध्यापक म्हणाले. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. "दोन्हीकडची शेवटची गाडी आधी मागे. मग तिच्या पुढची. आणि 'आधी तुम्ही' जो म्हणेल त्याला मी इथेच उभा करीन."

तीन मिनिटांत पूल रिकामा झाला. उरल्या दोन गाड्या.

"घ्या आता मागे," मुख्याध्यापक तिला म्हणाले.

"सर, मला मागे घेता येत नाही."

त्यांनी दोन्ही टोकांना ताटकळलेल्या लोकांकडे पाहिलं. मग खाली वाकून, ओठ न हलवता म्हणाले, "मलाही नाही."

"तुम्हाला?"

"चाळीस वर्षं मी या पुलाच्या अलीकडेच थांबत आलोय, बाई. मागे जायची वेळच कधी आली नाही."

मग ढकलायचं ठरलं. माणसं पुढे आली, बाह्या सरसावल्या आणि तिथेच अडली.

"आधी सरांची."

"अहो, असं कसं? बाई गावात नव्या. आधी त्यांची."

"त्या काय म्हणतील, सरांना मान नाही?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, तुम्हीच ठरवा."

सव्वाअकरा होऊन गेले होते. शाळेत खुर्च्या भरत आल्या असतील. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, जाकीट खाली ओढलं, तिच्या गाडीच्या खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला. दाबला तो दाबूनच ठेवला. कठड्यावरची कबुतरं उडाली. नवऱ्याच्या हातातून डब्याचं झाकण पडलं. आणि कुणी कुणाला काही न विचारता माणसांनी दोन्ही गाड्या एकदमच दोन दिशांना मागे ढकलल्या.

"असंच करतात ना तुमच्याकडे?" मुख्याध्यापक हात बाहेर काढत म्हणाले. चेहरा लाल झाला होता. लाजेनं की आनंदानं, ते तिला ओळखता आलं नाही.

"हो, सर. पण आम्ही एवढा वेळ दाबत नाही."

ते गेल्यावर ती पुलाच्या अलीकडे गाडीत नुसती बसून राहिली. फोन पुन्हा वाजला.

"सर आत्ता दारावरून गेले," डॉक्टर म्हणाले. "काच खाली करून माझ्याशी पूर्ण वाक्य बोलले. त्यात माझ्या बोलण्यातल्या दोन चुका दाखवल्या. कवळी छान बसलीय, बाई. कामं तुमची."

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"फक्त एक करा," डॉक्टर पुढे म्हणाले. "न्यायला-आणायला मी माणूस पाठवत जाईन, तुम्ही पूल ओलांडू नका. मघाशी तो हॉर्न दवाखान्यापर्यंत ऐकू आला. आमच्याकडे असं कुणी वाजवत नाही हो."

तिनं तोंड उघडलं. मग पलीकडच्या चढावर गेलेली करडी गाडी तिला आठवली, आणि तो लाल झालेला चेहराही.

"चुकलं, डॉक्टर," ती म्हणाली. "सवय आहे."

शेजारी नवरा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसला होता. घट्टही नाही, सैलही नाही.