वडापाशी बंद पडणारी फटफटी

गुणाजी परबांची फटफटी सलग तीन दिवस एकाच जागी बंद पडली. अंधेरीहून मरोळच्या कारखान्याकडे जाताना एक मोठा वड लागतो. त्याच्या अलीकडे रस्त्याखालून पाण्याचा नळ गेलेला, म्हणून तिथे रस्त्याला लागोपाठ दोन उंचवटे होते. त्यांवर फटफटी दोनदा उसळायची आणि तिचा आवाज एकदम थांबायचा.

गंमत अशी, की आवाज थांबला तरी गाडी थांबत नसे. पुढे उतार होता. दोन्ही बाजूंच्या गवतावर धुकं पसरलेलं असे आणि त्यातून फटफटी अलगद घरंगळत जाई. गुणाजीला वाटे, आपण मालवणच्या खाडीत होडीत बसलो आहोत आणि वल्ही दुसरंच कोणीतरी मारतंय. वडाच्या सावलीत चाकं थांबली, की तो जागा होई.

मग घाम निघे. वीस लाथा मारायच्या. पेट्रोल आहे का बघायचं. शेवटी गाडीची चावी काढून तिच्याच कडीतल्या दुसऱ्या चावीने हत्यारांची पेटी उघडायची, प्लग काढायचा, सदऱ्याला पुसायचा, परत बसवायचा. चावी पुन्हा लावून लाथ मारली, की फटफटी पहिल्या फटक्यात सुरू! प्लग मुळात स्वच्छच होता, पण ते गुणाजीच्या लक्षात येत नसे.

गुणाजी कारखान्यात स्टोअरकीपर होता. तो येऊन स्टोअर उघडेपर्यंत चाळीस कामगार हात बांधून उभे राहत. शनिवारी संध्याकाळी नंदकिशोर साहेबांनी त्याला बोलावलं.

"परब, महिनाअखेरीस तुम्हाला कायम करायचं पत्र काढायचं होतं. सोमवारी उशीर झाला, तर ते पत्र विसरा."

रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात फटफटीभोवती सगळे जमले. मार्तंड मेकॅनिकने आधीच नवा प्लग घालून पाहिला होता, कार्बोरेटर उघडून पाहिला होता.

"गाडीत काय नाय रे," तो हात पुसत म्हणाला. "झकास आहे. तुझ्याच हातात कायतरी आहे."

"हातात नाय, जाग्यात असा!" सुंदराबाई मावशी ओट्यावरून कडाडली. "रोज त्याच वडाकडे कशाक बंद पडता? थंयसरच्या राखणदार देवाक तू कधी नारळ दिलंस?"

"मावशे, जाताना बंद पडते. येताना त्याच वडावरून येतो, तेव्हा नाही पडत."

"येताना तू दमलेलो असतंस. तेका दया येता."

दहा वाजता सगळे वडाखाली गेले. गुणाजी अर्ध्यावर भलत्याच विचारात जाईल, म्हणून गाऱ्हाणं मावशीनेच घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या लेकराच्या गाडयेक जी काय अडचण असात, ती दूर कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मार्तंड मोठ्याने म्हणाला. हातात पाना होता, तो त्याने मागे लपवला.

नारळ फुटला. गुणाजीने उंचवट्यांवरून पाच फेऱ्या मारल्या. फटफटी एकदाही बंद पडली नाही. मावशीने खोबऱ्याचा पहिला तुकडा मार्तंडला दिला आणि म्हणाली, "शीक."

गुणाजीची बायको जानकी हिला मात्र ते पटलं नव्हतं. रात्री तिने विचारलं, "रविवारी चालते, संध्याकाळी चालते, मग कामावर जातानाच काय होतं तिला? उद्या मी मागे बसते."

सोमवारी दोघं निघाली. पहिला उंचवटा, दुसरा उंचवटा, आणि शांतता. गाडी धुक्यातून घरंगळू लागली.

"किती छान वाटतं नाही?" गुणाजी हळूच म्हणाला.

"छान काय, बंद पडली! आता कशाला म्हणून हात लावू नका."

वडाखाली जानकी उतरली आणि तिने गाडी पुढून मागून नीट न्याहाळली. मग चावीकडे बोट दाखवलं.

"घरून निघताना ही चावी सरळ होती ना? आता तिरकी कशी?"

"तिरकी आहे खरी."

तिने चावी सरळ केली. गुणाजीने लाथ मारली. फटफटी सुरू झाली! प्लगला कोणी बोटही लावलं नव्हतं. चावीला स्टोअरच्या किल्ल्यांचा भलामोठा जुडगा लोंबत होता. जानकीने तो वर उचलला आणि सोडून दिला. चावी फिरली, इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा जुडगा सोडला, पुन्हा बंद. मग जुडगा काढून नुसत्या चावीवर गाडी सुरू केली आणि दोघांनी मिळून ती गदागदा हलवली. फटफटी चालूच राहिली.

"बघा. स्विच झिजलाय, चावीला घट्ट धरत नाही. हे ओझं उसळलं, की चावी फिरते. रविवारी जुडगा खुंटीवर असतो. संध्याकाळी तुम्ही तो डब्याच्या पिशवीत टाकता." जानकीचा आवाज चढला. "पण हे ओझं इथे अडकवायची अक्कल कोणाची?"

"बुधवारी मी जुडगा घरी विसरलो होतो," गुणाजी खरं तेच सांगत म्हणाला. "तेव्हापासून रोज सकाळी तूच अडकवतेस."

जानकीने वर वडाकडे पाहिलं.

"झाड जुनं दिसतंय," ती म्हणाली.

गुणाजीला इतका आनंद झाला, की त्याने गिअर टाकला आणि तो निघाला. आता उशीर नाही, पत्र नक्की. पत्र आलं, की मालवणला जायचं, खाडीत होडी... या तंद्रीत तो फाटकाशी पोचला तेव्हा सात पंचवीस झाले होते. त्याने ऐटीत हजेरीपटावर सही केली आणि मागे वळून म्हणाला, "बघितलंस जानकी?"

मागची सीट रिकामी होती.

"धोंडिराम," तो वॉचमनला म्हणाला, "बायको राहिली. वडाखाली."

"येईल की. तुम्ही स्टोअर उघडा."

"किल्ल्या तिच्या हातात आहेत. मी पटकन जाऊन येतो."

"सही झाली ना? आता बाहेर जायला साहेबांचा पास लागेल."

"मग साहेबांना सांग."

"साहेब अजून आले नाहीत."

साडेसातचा भोंगा झाला. चाळीस कामगार स्टोअरसमोर हात बांधून उभे राहिले. गुणाजीने डोळे मिटले.

सात पस्तीसला साहेबांची गाडी आली. मागच्या सीटवर मांडीवर जुडगा घेऊन जानकी बसली होती. भर रस्त्यात किल्ल्या वाजवत उभ्या असलेल्या बाईसाठी साहेबांना गाडी थांबवावी लागली होती, आणि वाटेत सगळी हकीकत ऐकावी लागली होती.

धोंडिरामने उशिराची वही काढली. भोंग्यानंतर आत येणाऱ्याचं नाव लिहायचं, हा साहेबांचाच नियम.

"परब वेळेवर आलेत," तो पेन्सिल ओली करत म्हणाला. "मग उशिरा कोण?"

"माझं लिहा," जानकी म्हणाली. "माझ्यामुळेच थांबावं लागलं."

"बाई, तुम्ही इथे नोकरीला नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. धोंडिरामकडे पाहिलं. मग निमूटपणे वही घेऊन त्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"परब," जाता जाता ते म्हणाले, "तुमचं पत्र आजच टाईप करून घेतो."

"आभारी आहे साहेब! केव्हा न्यायला येऊ?"

"तुम्ही नको," साहेब म्हणाले. "बाईंना पाठवा."