सासऱ्यांनी चोरलेलं ऊन

मोजणीदाराला माणसाच्या नुसत्या चालीवरून चोर ओळखता यायचा! निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं, आणि ते तो कचेरीतही सगळ्यांना ऐकवायचा. म्हणून बेटावरच्या टेकडीवर ऊन आणि वारा मोजायची यंत्रं बसली आणि त्यांची राखण त्याच्याकडे आली, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "महिनाभर आकडे चांगले आले की विजेचा प्रकल्प आपल्या बेटावर. नाहीतर शेजारच्या. पण मी असताना आकड्यांची बिशाद आहे खाली यायची!"

रोज अकराला तो टेकडी चढायचा, यंत्राची काच पुसायचा आणि तिथेच उभ्या उभ्या डबा खायचा.

दहाव्या दिवशी मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला. "अहो, तुमच्याकडे रोज अकरा वाजता ऊन जातं कुठे?"

मोजणीदाराच्या डोळ्यांसमोर लगेच सासरे उभे राहिले! बेटावरच्या जनरेटरचं डिझेल त्यांच्याच होडीतून यायचं. उन्हावर वीज झाली की होडी रिकामी. शिवाय हल्ली ते जावयाशी फारच गोड बोलत होते. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"बाबांवर संशय?" बायको कडाडली. "टेकडी बघूनच त्यांना धाप लागते!"

"नाटक गं सगळं!"

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासूनच यंत्रापाशी पहाऱ्याला उभा राहिला. यंत्रावर उन्हाचा आकडा निम्म्यावर आला! मग लपायला म्हणून त्याने वाऱ्याच्या खांबाला ताडपत्री बांधली. तर वाराही पडला!

"ऊन तर ऊन, म्हाताऱ्याने वारासुद्धा नेला!"

इतक्यात सासरे धापा टाकत वर आले. काखेत पिशवी!

"सापडलात! काय आहे त्यात?"

"तुमचा डबा. लेकीने पाठवलाय." सासरे मटकन खाली बसले. "जावईबापू, जरा बाजूला सरता?"

"का? रान मोकळं हवंय?"

"नाही हो. तुमची सावली पडलीय काचेवर. आणि ती ताडपत्री सोडा आधी, वारा अडलाय. डिझेलची पिंपं उचलून माझी कंबर गेली. ती वीज एकदाची येऊ दे की!"

मोजणीदार चटकन बाजूला झाला. ताडपत्री सोडली. पाचच मिनिटांत फोन!

"शाब्बास! ऊन आलं, वाराही आला. महिन्याची सरासरी निघेल भरून. चोर सापडला वाटतं?"

"हो साहेब. घरचाच होता."

सासरे डब्याचं झाकण उघडून गालातल्या गालात हसत होते.

"ओळखलात कसा? चालीवरून?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," मोजणीदार पुटपुटला, "सावलीवरून."