बॅटरी, वऱ्हाड आणि इस्त्रीचा रुमाल

"माझ्या लॉनवर आजवर टाचणीसुद्धा चुकीची पडली नाय!" उलव्याचे काशीरामशेठ सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते. लॉन त्यांचं स्वतःचं आणि लग्न त्यांच्या मनिषाचं, जासईच्या मुलाशी. हिरवळीवरचा पालापाचोळा त्यांनी बॅटरीच्या ब्लोअरने स्वतः उडवला होता. हे मशीन शेठना इतकं प्रिय, की साखरपुड्यात व्याह्यांनाही तसंच एक भेट दिलेलं! धास्ती एकच, पाठवणीला रडू आवरणार नाही. म्हणून खिशात खास इस्त्रीचा रुमाल होता.

अक्षता पडल्या, आहेर सुरू झाला. तेवढ्यात शेठचा मुलगा भावेश मोबाईल नाचवत धावत आला.

"बाबा, ब्लोअरच्या कंपनीचा मेसेज! बॅटऱ्या परत मागवल्यात. तापून पेट घेतात म्हणं! वापरू नका, चार्ज करू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा!"

शेठनी गर्रकन स्टेजकडे पाहिलं. बॅटरी त्यांनी सकाळीच एका लाल खोक्यात जपून ठेवली होती. आणि एक लाल खोकं आता स्टेजवर होतं, आहेराच्या ढिगात, मनिषाच्या शालूला टेकून!

"हटा! सगळे हटा!" शेठनी खोकं उचललं आणि धूम ठोकली.

"अवो व्याही!" मागून व्याही प्रभाकर ओरडले. "आमच्या बहिणीचा आहेर कुठं नेताव?"

"फुटंल तो!"

"काचेचा हाय, फुटंलच!"

शेठनी खोकं कुंपणापलीकडच्या मैदानात भिरकावलं. खळ्ळकन आवाज आला. डिनर सेट! प्रभाकर लालबुंद झाले. "आमचा आहेर आवडला नाय, तर तोंडानं सांगायचं!"

"मग बॅटरी कुठं हाय?" शेठ किंचाळले.

"ही काय!" मंडपामागून बायकोचा, भामाबाईंचा आवाज आला. व्याह्यांसाठी वालाचं बिरडं चुलीवरच शिजवायचं हा त्यांचा हट्ट. लाकडं ओली निघाली, म्हणून त्या चक्क ब्लोअरने चुलीला वारा घालत होत्या! "खोक्यातून काढून मीच लावली. मंग काय, फुंकत बसू?"

जाळ हातभर उंच! शेठनी झडप घातली, रुमालात धरून बॅटरी ओढून काढली आणि व्याह्यांसमोर नाचवली. "हिच्यापायी पळालो मी!"

प्रभाकरांचा राग उतरला, पाठोपाठ चेहऱ्याचा रंगही. "साखरपुड्याला तुमी दिलेली हीच?"

"हीच की!" शेठ अजूनही अभिमानाने म्हणाले.

"अवो, ती मी जासईला घरी, नवरा-नवरीच्या खोलीत चार्जिंगला लावून आलोय!"

मग काय विचारता! सगळं वऱ्हाड गाड्यांकडे सुटलं. फेटा सावरत नवरदेव पुढे, आणि त्याच्याही पुढे, शालू गुडघ्यापर्यंत खोचून, मनिषा! "माझं कपाट पोचलंय तिथं!" धडाधड दारं लागली, धुरळा उडाला आणि लॉन रिकामं झालं. पोरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही! शेठनी बॅटरी रुमालासकट मैदानात नेऊन ठेवली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. "बाबा, खोली वाचली! बॅटरी अंगणात ठेवलीय," मनिषा धापा टाकत म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा... आपलं रडायचं राहिलंच की वो!"

शेठना हुंदका फुटला. खिशात हात घातला, तर रुमाल कुठला! भामाबाईंनी चुलीजवळचं मसोतं पुढे केलं. शेठ त्यातच तोंड खुपसून पोटभर रडले. नाकाला नुसता बिरड्याचा वास!