हत्तिणीपेक्षा जड उंदरीण

एका जंगलात, मुलांनो, नदीवर वेलींचा पूल होता. शंभर किलोच्या वरच्यांनी त्यावर पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. वजन करायला पुलापाशी माकड बसे.

काटा कॉम्प्युटरला जोडलेला होता. एकदा माकडाने त्यातल्या कॅल्क्युलेटरवर 'सायंटिफिक' असं लिहिलेलं बटण दाबलं. तेव्हापासून तीन हजार शंभर किलोच्या गोदाक्का हत्तीण पडद्यावर '३.१ई+३' अशा दिसू लागल्या. दशांशचिन्ह कुठल्या बाजूला किती घरं सरकवायचं, ते 'ई+३' हे मागचं शेपूट सांगतं: अधिक असेल तर उजवीकडे, उणे असेल तर डावीकडे. पण माकडाला शेपटाचं काय कौतुक? त्याला स्वतःचं होतंच. ते सुरुवातीचा आकडा वाचायचं.

"तीन पूर्णांक एक. जा अक्का."

गोदाक्का लाजल्या आणि पुलावर चढल्या. मागून सोनकी उंदरीण निघाली. तिची पिल्लं पलीकडच्या काठाला मावशीकडे होती.

पूल मोडला. गोदाक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. सोनकी त्यांच्या कानाला लोंबकळून अलीकडच्या काठाला परत आली.

चौकशी बसली. माकडाने दोन्ही वजनं वाचून दाखवली. अक्का तीन पूर्णांक एक. सोनकीचं पन्नास ग्रॅम म्हणजे किलोत '५ई-२'. म्हणजे पाच. सगळ्यांनी सोनकीकडे वळून पाहिलं.

नवा पूल झाला, आणि शंभरऐवजी तीनची नवी मर्यादा आली. गोदाक्कांना पाणी आवडलं होतं, त्या नदीतूनच जाऊ लागल्या. सोनकीला मात्र तीनच्या आत येईपर्यंत पूल बंद.

"अहो, मी यांच्या कानात मावते," सोनकी म्हणाली.

"सोनके, आकड्याशी भांडू नये," माकड म्हणालं.

गोदाक्का मनाने चांगल्या. रात्रीचं जेवण सोड, मी बघ कुठे काय खाते, असं त्यांनी तिला फणस चावत चावत समजावलं.

सोनकी उपाशी राहिली. रोज काट्यावर चढली. चार पूर्णांक आठ. चार पूर्णांक सहा. पलीकडून पिल्लांची चूंचूं ऐकू येई. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

शेवटी तिने आशा सोडली आणि ती जेवायला बसली. शेंगा खाल्ल्या, ज्वारी खाल्ली, रडत रडत गूळ खाल्ला. होता होता ती दुप्पट झाली. चांगली शंभर ग्रॅम भरली. पिल्लांना काठावरून निदान हाक तरी मारावी म्हणून ती पुलापाशी गेली. माकडाने सवयीने तिला काट्यावर उभं केलं.

पडद्यावर आलं, '१ई-१'.

"एक," माकड म्हणालं आणि आदराने बाजूला झालं.

सोनकी पोट सावरत पिल्लांकडे पळत सुटली. गोदाक्का नदीतून विचारत होत्या, "अगं, काय खातेस ते तरी सांगून जा."

तात्पर्य: बारीक व्हायचं असेल तर पोटभर जेवावं. फक्त काट्यापाशी माकडच बसलंय ना, एवढं आधी बघून घ्यावं.